जुना जॅझ बास आणि दीड मिलिमीटरची किल्ली: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

हा मजकूर मी पहिल्यांदा चवथीच्या तोंडावर लिहायला घेतला होता आणि तो सगळा रागाने लिहिलेला होता. सेटअपच्या (वाद्य जुळवून देण्याच्या) नावाखाली बाराशे रुपये घेऊन, ब्रिजवरच्या, म्हणजे बॉडीकडे तारा जिथे टेकतात त्या भागावरच्या, एका स्क्रूचे डोके गोल करून आणि नेकला, म्हणजे मानेला, नको तेवढा बाक देऊन माझा बास गिटार मला परत मिळाला, त्या संध्याकाळी ‘गोव्यात जुना बास कोणीही घेऊ नये’ असे एक वाक्य मी लिहून ठेवले होते. आता पावसाळा सरून बरेच दिवस झाले आहेत, माघातल्या जत्रांच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू आहेत आणि ते वाक्य मी खोडले आहे. बाराशे रुपयांविषयीचे मत मात्र तसेच ठेवले आहे.

बास फेंडरच्या जॅझ बास या मॉडेलच्या धर्तीचा आहे: चार तारा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), तारांची कंपने उचलणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, रोझवूडचा फिंगरबोर्ड (नेकवरची तारा दाबण्याची फळी), इंडोनेशियात बनलेला. तो बनवणाऱ्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जी तक्रार येणार आहे तिच्यात कंपनीपेक्षा समुद्राचा हात मोठा आहे. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत हंगामभर वाजवून मे महिन्यात गावी परतणाऱ्या एका वादकाकडून मी तो साडेचौदा हजारांना घेतला. वापरलेले वाद्य घ्यायचे असेल तर गोव्यात हंगाम संपतानाचे हे दिवस उत्तम, कारण पाऊस लागण्यापूर्वी सामान हलके करण्याची घाई विकणाऱ्याला असते. नेक सरळ होता, फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फारसे झिजलेले नव्हते, खुंट्यांत ढिलेपणा नव्हता. ब्रिजवरच्या स्क्रूंवर तांबूस झाक होती, पण ती कोणत्या जुन्या बासवर नसते? त्याने ॲम्प्लिफायरला जोडून वाजवून दाखवला तेव्हा दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे होते. याचा संबंध पुढे येणार आहे.

मी फोंडा तालुक्यात राहते आणि आमचा संच भावगीते, नाट्यगीते व भक्तिगीते सादर करतो. या संगीतात बास वाजवणाऱ्याची एक अडचण आहे, जी इंग्रजी गाणी वाजवणाऱ्यांना सहसा कळत नाही. आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात. बासच्या उघड्या तारा म्हणजे ई, ए, डी आणि जी, या चारही पांढऱ्या पट्ट्या. आणि काळी एकचा षड्ज धरला तर त्या अनुक्रमे कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम होतात. म्हणजे शुद्ध स्वरांच्या गाण्यात एकही उघडी तार वापरता येत नाही. गायिका काळी चारमध्ये गातात तेव्हा जी तार निषादापुरती उपयोगी पडते, इतकेच. त्यामुळे डावा हात गाणे संपेपर्यंत पहिल्या सहा फ्रेटांवर दाबलेला असतो, आणि त्यातही ई तारेचा चौथा फ्रेट, म्हणजे काळी एकचा खालचा पंचम, हे सगळ्यांत जास्त वाजणारे ठिकाण ठरते. ज्याला तो पंचम स्वच्छ मिळत नाही त्याच्यासाठी बाकीच्या बासची किंमत शून्य आहे. ही गोष्ट इतक्या विस्ताराने सांगितली, कारण एका स्क्रूवर मी इतकी का अडून बसले हे त्याशिवाय कळणार नाही.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर तार खडखडू लागली. तंबोऱ्यावर जी जवारी आपण मुद्दाम लावून घेतो, तीच बासवर लागली की स्वराला भेग पडल्यासारखे वाटते. कारण साधे होते. नेकच्या मेपलवर लॅकरचा थर असतो, फिंगरबोर्डच्या रोझवूडवर तो नसतो. दमट हवेत रोझवूड ओलावा शोषून किंचित फुगते, नेक मागच्या बाजूला ढकलली जाते आणि तिच्यात जो थोडासा बाक असायला हवा तो नाहीसा होतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतील फट फीलर गेजने मोजायची. दुचाकीचे टॅपेट जुळवायला जी पात्यांची जुडी वापरतात तीच इथे चालते. वाद्यांच्या दुकानातून वेगळी घेण्याचे कारण नाही. ही फट ०.३ ते ०.३५ मि.मी. असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. माझ्या बासवर ०.१ मि.मी.चे पातेही धड सरकत नव्हते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई, पाव फेरा सैल केला, रात्रभर तारा सुरात ठेवून बास तसाच राहू दिला, सकाळी पुन्हा मोजले आणि आणखी थोडा सैल केला. फट जागेवर आली. कोणीही घरी करू शकेल असे हे काम आहे, फक्त एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचे नाही आणि घाई करायची नाही.

तरीही ई तार जोरात वाजवली की खडखडत होतीच. आधीचा मालक हलक्या हाताने, वेगाने वाजवणारा असावा, कारण त्याने तारा फार खाली बसवल्या होत्या: सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंची जेमतेम दीड मि.मी. भरत होती. साडेनऊ ते बारा इंची त्रिज्येच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईच्या) नेकसाठी फेंडरच्या मार्गदर्शक मापांत ती ६/६४ इंच, म्हणजे सुमारे २.४ मि.मी. आहे, आणि आमच्या संगीताला तीच योग्य पडते. तार वर उचलायची तर ब्रिजवरच्या सॅडलचे (तार ज्यावर टेकते त्या तुकड्याचे) दोन छोटे ग्रब स्क्रू दीड मि.मी.च्या ॲलन कीने, म्हणजे षट्कोनी किल्लीने, फिरवायचे, बस्स. ए, डी आणि जी तारांचे फिरले. ई तारेचा एक फिरला, दुसरा जागचा हलला नाही. एकच बाजू उचलली तर सॅडल तिरके होते आणि तार एका बाजूला सरकू पाहते. गंज सोडवणारे तेल घालून दोन दिवस ठेवले, तरी उपयोग झाला नाही. जोर लावून डोके बिघडवण्यापेक्षा जाणकाराकडे न्यावे, असा विचार करून मी तो पणजीला सर्व्हिसिंगसाठी दिला. काय करायचे आहे ते चिठ्ठीवर लिहून दिले होते: ‘ई तारेच्या सॅडलचा अडकलेला स्क्रू सोडवणे किंवा बदलणे.’ बाकी काहीही करू नये असेही त्या चिठ्ठीवर होते.

बास परत आला तेव्हा खडखड थांबली होती, आणि क्षणभर मला समाधानही वाटले. दुसऱ्या दिवशी तालमीत आमच्या पेटीवाल्यांनी दुसऱ्याच गाण्यात हात थांबवला आणि बास चढा लागतो आहे असे सांगितले. ट्यूनर लावला तर उघडी तार बरोबर होती. वर सरकावे तसा स्वर चढत होता. पेटीचे स्वर बांधलेले असतात, तिच्याशेजारी बास अर्ध्या श्रुतीने चढला तरी लपत नाही. घरी येऊन फट मोजली तर ती ०.८ मि.मी. निघाली. म्हणजे स्क्रू सुटला नाही म्हणून त्यांनी ट्रस रॉड भरपूर सैल करून नेकलाच बाक दिला होता, त्यामुळे तारा मधल्या भागात उंच झाल्या आणि खडखड दिसेनाशी झाली. तारांची उंची सॅडलवर जुळवायची असते आणि ट्रस रॉड नेकच्या बाकासाठी असतो, हे सेटअपचे पहिले अक्षर आहे. ज्याला पैसे देऊन काम सांगावे त्यानेच ते गिरवू नये याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. शिवाय स्क्रूचे षट्कोनी छिद्र आता वाटोळे झाले होते.

परत गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांचे म्हणणे असे पडले की स्क्रू आधीच गेलेला होता. तो आधी गंजलेला होता हे मलाही मान्य होते, त्यासाठीच तर बास तिथे नेला होता. परंतु गंज हवेने चढतो, आणि छिद्र वाटोळे होते ते सैल बसणारी किल्ली घालून जोर लावल्याने. त्यांच्या बाकावर जो जुडगा पडला होता तो इंची मापांचा होता. इंची जुडग्यात ०.०५० इंची किल्ली असते, म्हणजे १.२७ मि.मी.; आशियात बनणाऱ्या बासच्या सॅडलना बहुधा १.५ मि.मी.ची लागते. पहिली दुसऱ्या छिद्रात घातली तर ती बसल्यासारखी वाटते आणि फिरवताना कडा खाऊन टाकते. हे मी त्यांना दाखवले, त्यावर त्यांनी पूर्ण ब्रिज बदलून घ्या, चार हजारांच्या आत होईल, असे सुचवले. पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर ‘संपूर्ण सेटअप’ असे लिहिलेले आहे आणि ती पावती मी जपून ठेवली आहे, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

इथपर्यंतचा मजकूर चवथीपूर्वीचा. यापुढे मत बदलत गेले.

पहिला बदल घुमघुमीमुळे झाला. बास ॲम्प्लिफायरला जोडला की खाली एक सतत आवाज येत असे, आणि आमच्या जुन्या घराच्या अर्थिंगचा तो दोष आहे असे मला अनेकांनी सांगितले होते. जुन्या घरांत तिसऱ्या पिनमागे तार नसतेच असे बरेचदा आढळते, त्यामुळे हे पटण्यासारखे होते. (अर्थिंग नाही म्हणून किंवा आवाज येतो म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे वादक मी पाहिले आहेत, ओल्या मंडपात, धातूच्या तारांवर हात ठेवून उभे असताना हा प्रकार जीवावर बेतू शकतो.) हा आवाज आम्हाला विशेष जाचक होता, कारण आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि काळी एकचा खालचा पंचम सुमारे ५१.९ हर्ट्झ. दोन्ही एकाच वेळी वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि शांत जागी गायकाने पंचमावर न्यास केला की तेच जाणवत राहतात.

जॅझ बासचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवांचे असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असताना घुमघुम एकमेकांना मारते. एक कमी केला की ती परत येते. विकणाऱ्याने दोन्ही पूर्ण उघडे ठेवून का दाखवला असेल ते आता समजते, किंवा कदाचित त्याला तशी सवयच असेल. मला भावगीतांसाठी नेककडच्या पिकअपचा गोल आवाज हवा असतो, म्हणून घुमघुम सहन करणे भाग होते. परंतु सप्टेंबरमध्ये एकदा लक्षात आले की तारांना हात लावला तरी आवाजात काही फरक पडत नाही, आणि नॉबखालच्या धातूच्या पट्टीला बोट लागले की तो निम्म्याने कमी होतो. ब्रिजखाली अर्थची एक तार दाबून बसवलेली असते. तिच्यामुळेच तारांना हात लागताच आवाज कमी व्हायला हवा. मल्टीमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावले. बीप आला नाही.

म्हणजे ब्रिज काढायचाच होता, आणि काढायचाच तर स्क्रूचाही निकाल लावायचा असे ठरले. आमच्या वाड्यावर दुचाकी दुरुस्त करणारे एक मेस्त आहेत. त्यांनी आयुष्यात बास हातात घेतला नव्हता, पण गंजलेला बारीक स्क्रू त्यांच्या रोजच्या व्यवहारातला. आधी तारा उतरवल्या, ब्रिज काढला, मग ई तारेचे सॅडल ब्रिजपासून वेगळे केले, जेणेकरून लाकडाजवळ उष्णता जाऊ नये. तेल पुसून काढून सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूवर टेकवले, तो चांगला तापू दिला, थंड होऊ दिला आणि पुन्हा तापवला. मग वाटोळ्या छिद्रात किंचित मोठ्या मापाचे चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवले आणि सावकाश उलटे फिरवले. स्क्रू निघाला. मेस्तांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, आणि तुमच्या त्या दुकानवाल्याने घाई केली, एवढेच म्हणाले.

ब्रिजखालची अर्थची तार टोकाला हिरवी पडून तुटली होती. ज्या खाऱ्या ओलीने स्क्रू धरला होता तिनेच ही तारही खाल्ली होती, आणि घराच्या अर्थिंगला बिचाऱ्याला विनाकारण बोल लागत होता. तार सोलून नव्याने बसवली, खालचे लाकूड कोरडे केले, ब्रिजचा तळ घासून स्वच्छ केला. नंतर पोकळीत आतून तांब्याची चिकटपट्टीही लावली. तिने घुमघुम आणखी कमी झाली, पण मोठा फरक त्या एका तारेनेच पडला होता.

स्क्रूचे माप एम-३ निघाले, दीड मि.मी. षट्कोनाचा ग्रब स्क्रू या मापात सर्रास मिळतो. साधे घेण्याऐवजी मी आठही स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण त्यात मोलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत ते ३०४ दर्जापेक्षा जास्त टिकते. ते वास्कोला, बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाले. आठ स्क्रूंचे मिळून शंभर रुपयेसुद्धा झाले नाहीत. चार हजारांचा ब्रिज! बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावावे, नाहीतर स्टेनलेस स्क्रू आपल्याच आट्यांत घट्ट चिकटतो.

दुसरा बदल नेकविषयीचा. स्वस्त बासची नेक गोव्याच्या पावसात टिकत नाही, असे मी इतक्या वेळा ऐकले होते की दुकानातल्या प्रकारानंतर तिच्यावर माझा विश्वास उरला नव्हता. ट्रस रॉड पूर्ववत घट्ट करत आणला, आणि पाऊस संपून हवा कोरडी होऊ लागल्यावर फिंगरबोर्ड आकसला तेव्हा आणखी पाव फेरा घट्ट केला. तेव्हापासून फट ०.३ मि.मी.वर स्थिर आहे. तालमीच्या बंद खोलीतून रात्रीच्या दवात जत्रेच्या मंडपात नेला तरी सूर फारसा हलत नाही. साडेचौदा हजारांच्या वाद्याकडून मी एवढी अपेक्षा केली नव्हती, आणि याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे, जिचे नाव मी लिहिले नाही.

तारांविषयी थोडक्यात: राउंडवूंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा आमच्याकडे दोन महिन्यांत खरखरीत होतात आणि बोट सरकताना होणारा आवाज गाण्यात मिसळतो. मी फ्लॅटवूंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा घातल्या. साडेतीन हजार रुपये देताना जीवावर आले होते, पण मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवूंड तारा क्वचितच बदलत असत ही प्रसिद्ध गोष्ट आहे आणि त्यांचा आवाज सगळ्या जगाला पुरला. फ्लॅटवूंडचा ताण बहुधा जास्त असतो, म्हणून त्या चढवल्यावर बाक आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही स्वर बरोबर लागतो का) पुन्हा पाहावे लागते.

ॲम्प्लिफायरही वापरलेलाच घेतला, फेंडरचा रंबल ४०. दहा इंची स्पीकर, एका हाताने उचलता येतो, आणि मागच्या लाइन आउटमधून सरळ मिक्सरला जोडता येतो. मोठ्या मंडपात त्याचा आवाज फक्त माझ्या कानांपुरता वापरते. बाकीचे काम साउंडवाल्यांचे. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे याहून काही घडलेले नाही, आणि ही माझ्या लेखी प्रशंसाच आहे.

पावसाळ्यात बास केसमध्ये बंद करून ठेवला तर आठवड्यात अस्तराला बुरशीचा वास येतो. कपड्यांच्या कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत बाससाठीही बरी आहे, फक्त बल्ब नेकच्या जवळ नको. वाजवून झाल्यावर ब्रिज कोरड्या फडक्याने पुसते आणि महिन्यातून एकदा आठही स्क्रू पाव फेरा मागे-पुढे फिरवते, तेवढ्याने ते धरत नाहीत.

किनारपट्टीवर राहिलेला बास पाहायला जाणाऱ्याने खिशात दीड मि.मी.ची ॲलन की ठेवावी आणि वाजवून पाहण्यापूर्वी सॅडलचे सगळे स्क्रू विकणाऱ्याच्या परवानगीने थोडे फिरवून पाहावेत. त्याने परवानगी दिली नाही तर तेही उत्तरच आहे. मग एक व्हॉल्यूम बंद करून घुमघुम ऐकावी आणि तारांना हात लावून ती कमी होते का ते बघावे. फ्रेटांची झीज, रंगाचे टवके, हे सगळे त्यानंतर. माझ्या बासचा हिशेब तारा, स्क्रू, तांब्याची पट्टी आणि ते बाराशे धरून एकोणीस हजारांच्या वर गेला आहे. आज असाच बास, स्क्रू धरलेले असताना, कोणी मला दाखवला तर मी घेईन, पण साडेअकरा हजारांच्या वर एक रुपयाही देणार नाही, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबायची माझी तयारी आहे.